पेसमेकर काढून टाकावा काय?

मागील आठवड्यात सत्तरीतले एक गृहस्थ दवाखान्यात आले. दोन वर्षांपूर्वी अकोल्याला त्यांना पेसमेकर बसविला आहे. प्रकृती ठीक, पण चेहरा उतरलेला. दूर बसलेला चोर संगणकावरून पेसमेकर बंद पाडू शकतो, असा मोबाईलवर आलेला मजकूर नातवाने वाचून दाखविला होता. "डॉक्टरसाहेब, हे मशीन काढूनच टाका ना जी," असा हट्ट. या भीतीपोटी तपासणीची तारीखही त्यांनी चुकविली होती.

मजकूर अगदीच खोटा नव्हता. पेसमेकर म्हणजे कातडीखाली बसविलेला, बॅटरीवर चालणारा छोटा संगणकच. हृदयाचे ठोके मंदावले की तो विजेचा सूक्ष्म स्पंद देतो. नव्या यंत्रांतील माहिती बिनतारी लहरींनी बाहेर वाचता येते. दार आले तिथे चोराची शक्यता आलीच. अमेरिकेचे तेव्हाचे उपराष्ट्राध्यक्ष डिक चेनी यांच्या छातीतील यंत्राची ही सोय डॉक्टरांनी २००७ साली मुद्दाम बंद करून ठेवली होती. २०१७ मध्ये तेथील औषध प्रशासनाने एका कंपनीच्या सुमारे ४ लाख ६५ हजार पेसमेकरांत अशी त्रुटी असल्याचे जाहीर केले. पण उपाय काय सांगितला? यंत्र काढू नका, डॉक्टरांकडे जाऊन आतला प्रोग्राम सुधारून घ्या. काम तीनेक मिनिटांचे. या त्रुटीमुळे कोणा रुग्णाला इजा झाल्याची नोंद तेव्हा नव्हती. उलट, गरज असताना यंत्र काढले तर चक्कर, बेशुद्धी, प्रसंगी मृत्यू.

चोराला रस पैशात. जुलै २०१८ मध्ये नवी मुंबईच्या एमजीएम रुग्णालयातील संगणकांची माहिती कुलूपबंद करून खंडणी मागण्यात आली. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या 'एम्स'चे संगणक असेच ठप्प झाले आणि कित्येक दिवस सारे काम हाताने लिहून चालले. म्हणून पेसमेकरचे कार्ड, डिस्चार्ज कार्ड, ईसीजी यांच्या झेरॉक्स घरी ठेवाव्यात. कंपनीतून बोलतो म्हणून कोणी फोनवर ओटीपी मागितला तर देऊ नये. साखर मोजण्याचे यंत्र मोबाईलला जोडले असल्यास मोबाईलला कुलूप हवेच.

रोजचा धोका मात्र खिशात असतो. काही नव्या मोबाईलमध्ये चुंबक असते. ते पेसमेकरच्या अगदी जवळ आल्यास त्याच्या कामात तात्पुरता फरक पडू शकतो. सहा इंच अंतर पुरे. पण आपल्याकडे शर्टाचा खिसा डावीकडे, आणि पेसमेकरही बहुधा डावीकडेच!

गृहस्थांना मी अकोल्याची नवी तारीख फोनवरून घेऊन दिली. उठताना पाहिले, तर त्यांचा मोबाईल नेमका त्याच खिशात होता.