परीक्षा नसलेली भाषा

साठी-सत्तरीनंतर एखादी परभाषा शिकायला घ्या असे सुचविले, की बहुतेक रुग्ण विचारतात, ‘आता आम्हाला कोठे जायचे आहे?’ वाचकहो, कोठेही जायचे नसते, हीच या शिक्षणातली मौज. व्हिसा नाही, मुलाखत नाही, गुणपत्रिकाही नाही.

जपानी भाषेचेच उदाहरण घ्या. तिच्या हिरागाना लिपीत आज 46 मूळ अक्षरे आहेत. त्यांचा क्रम आ, इ, उ, ए, ओ, मग का, सा, ता, ना असा चालतो आणि शेवटाकडे मा, या, रा, वा येतात. बौद्ध धर्माबरोबर तिकडे पोहोचलेल्या आपल्या वर्णमालेचेच हे वळण आहे. वाक्यही परके वाटत नाही. ‘नेको वा साकाना ओ ताबेमास’ म्हणजे ‘मांजर मासा खाते’. क्रियापद मराठीसारखे शेवटी. त्यापुढे ‘का’ जोडला, की प्रश्न तयार: ‘ताबेमास का?’, अर्थात ‘खाते का?’ (कांजी चित्राक्षरांच्या वाटेला मात्र घाईने जाऊ नये, ती हजारोंनी आहेत.)

आता वैद्यकीय बाजू. हैदराबादच्या निझाम्स इन्स्टिट्यूटमध्ये स्मृतिभ्रंशाच्या 648 रुग्णांचा अभ्यास झाला व तो 2013 साली प्रसिद्ध झाला. एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांत आजाराची सुरुवात सुमारे साडेचार वर्षे उशिरा झालेली आढळली. निरक्षरांतही हा फरक दिसला. परंतु ही माणसे दीर्घकाळ त्या भाषा वापरत आलेली होती. उतारवयात चार धडे गिरवल्याने तेच संरक्षण मिळते, असे यावरून म्हणता येत नाही. तसे सांगून कोणी महागडा वर्ग गळ्यात मारू लागल्यास सावध राहावे.

आरंभापूर्वी कान मात्र तपासून घ्या. उच्चार नीट ऐकूच आला नाही, तरी दोष बिचाऱ्या स्मरणशक्तीला दिला जातो. श्रवणयंत्र असल्यास धड्याच्या वेळी ते लावावे. दिवसाकाठी 15 मिनिटे पुष्कळ झाली.

शुश्रूषा करणाऱ्यांना एक विनंती: ‘काल काय शिकलात, सांगा पाहू’ अशी उलटतपासणी नको. नवा शब्द निसटणे स्वाभाविक आहे. रोजच्या वापरातले मराठी शब्द, घरच्यांची नावे किंवा नेहमीचा रस्ता निसटू लागला, तर डॉक्टरांना दाखवा. एरवी पानावर बसताना आजोबा ‘इतादाकिमास’ म्हणाले, तर तुम्हीही म्हणा; जपानात जेवणाचा आरंभ याच शब्दाने होतो.