पावणेसात चौरस किलोमीटरचं घर

अंदमानच्या नकाशात उजवीकडे, मुख्य बेटांपासून फटकून एक ठिपका दिसतो. तो नार्कोंडम. उत्तर अंदमानच्या पूर्वेला सुमारे १३० किलोमीटरवर, चहूबाजूंनी हजार मीटरहून खोल समुद्रात उभं असलेलं हे बेट म्हणजे एका निद्रिस्त ज्वालामुखीचा माथा. भारतीय भूपट्ट इथे पूर्वेकडच्या छोट्या बर्मा भूपट्टाखाली सरकतो, त्यातून वितळलेला खडक वर येतो आणि अशी बेटं तयार होतात. दक्षिणेकडचं बॅरन बेट अजून धुमसतं. नार्कोंडम मात्र शांत आहे आणि ७१० मीटर उंचीच्या शिखरापर्यंत घनदाट जंगलाने झाकलेलं आहे. पोलिसांची एक चौकी सोडली, तर माणसांची वस्ती नाही.

हे बेट कधीच मुख्य भूमीला जोडलेलं नव्हतं. जे पोहोचलं ते उडत, तरंगत किंवा कुणाच्या पोटातून बी होऊन. म्हणूनच इथे सस्तन प्राणी मोजकेच. वटवाघळं आहेत आणि एक चिचुंद्री आहे, जी वेगळी जात असल्याचं २०२१ मध्ये शास्त्रज्ञांनी जाहीर केलं.

पण या बेटाचा खरा मालक म्हणजे नार्कोंडम धनेश. १८७३ साली ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. पुढे काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे तेच हे ह्यूम. कोकणातल्या देवरायांत दिसणाऱ्या मोठ्या धनेशापेक्षा हा पक्षी बराच लहान. नराचं डोकं आणि मान तांबूस, मादीची काळी. घरटं जुन्या झाडाच्या ढोलीत. मादी आत शिरून तोंड लिंपून घेते, एक अरुंद फट तेवढी ठेवते आणि नर त्या फटीतून तिला आणि पिलांना भरवतो. नर दगावला तर अख्खं कुटुंब संकटात. ढोली मिळायला झाड म्हातारं आणि जाडजूड लागतं, आणि तसं झाड तयार व्हायला कित्येक दशकं जातात.

म्हैसूरच्या नेचर कॉन्झर्वेशन फाउंडेशनच्या संशोधकांना इथे चौरस किलोमीटरमागे सुमारे १५० धनेश आढळले. धनेशाच्या कुठल्याही जातीची एवढी दाट वस्ती जगात नोंदलेली नाही. कारण उंबर-वडाच्या कुळातली झाडं इथे मुबलक आहेत आणि ती फळं खाणारे स्पर्धक मोजकेच. अरुणाचलच्या जंगलात बिया पसरवायला कितीतरी पक्षी असतात. इथे ते काम प्रामुख्याने धनेश आणि कोकीळ यांच्यावर आहे. फळ गिळायचं आणि बी दूर नेऊन टाकायची, हे धनेशाने थांबवलं तर या जंगलाची पुढची पिढी उगवणं अवघड होईल. मला या बेटाची ही गोष्ट सर्वात विलक्षण वाटते: जंगल पक्ष्याला पोसतं आणि पक्षी जंगल लावतो.

म्हणून इथे छोटीशी ढवळाढवळही महागात पडते. चौकीसाठी आणलेल्या शेळ्या मोकाट सुटल्या, शेकड्यांनी वाढल्या आणि कोवळी रोपं फस्त करू लागल्या. उद्याची ढोलीची झाडंच त्या खात होत्या. पुढे त्या बेटावरून हटवाव्या लागल्या.

१९७७ पासून नार्कोंडम अभयारण्य आहे. तटरक्षक दलाला इथे रडार उभारायचं होतं. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने २०१२ मध्ये त्याला नकार दिला आणि २०१४ मध्ये हिरवा कंदील दाखवला. देशाच्या सीमेवर नजर हवीच, यात दुमत नाही. पण बेट अवघं ६.८ चौरस किलोमीटरचं आहे. मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानात अशी पंधरा नार्कोंडम मावतील. इथे रस्ता काढायचा तर कुणाच्या तरी ढोलीचं झाड पाडावं लागणार, आणि बांधकामाच्या सामानासोबत उंदीर किंवा परकं तण येण्याची भीती वेगळीच. माझं मत २०१२ च्या निर्णयाच्या बाजूचं आहे. टेहळणीसाठी अंदमानात दुसऱ्या जागा शोधता येतील. हा धनेश मात्र जगात आणखी कुठेच नाही.