लुकलुकणारा मीटर काय सांगतो?

हिंगोलीच्या उन्हाळ्यात पंख्याला विसावा नसतो. त्याला वीज किती लागते, हे तुम्हीच मोजा. मीटरवर युनिटमागे ३२०० इम्पल्स असे छापले असेल, तर लाल दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट, म्हणजे ३६ लाख ज्यूल ऊर्जा खर्च होते. इतर उपकरणे बंद करून फक्त पंखा चालू ठेवा. मीटरला हात न लावता लुकलुक मोजा. मिनिटाला ४ भरली, तर पंखा ७५ वॉटचा.

रोज २० तासांप्रमाणे ३० दिवसांत ४५ युनिटे झाली! २८ वॉटचा बीएलडीसी पंखा १७ युनिटांत भागवतो. महाराष्ट्रात घरगुती वापरासाठी १०० युनिटांपुढे दर चढतो. तुमचा वापर त्यापुढे गेला असेल, तर वाचणारी युनिटे आधी त्या महाग टप्प्यातूनच कमी होतात, बरे का!