वाघोलीचं जड पाणी

पुण्याच्या पूर्वेला वाघोलीच्या दगडखाणींत सापडणारे झिओलाइटचे स्फटिक जगभरच्या संग्राहकांनी जपून ठेवले आहेत. त्याच वाघोलीत गेली कित्येक वर्षं नळांच्या तोट्यांवर पांढरे थर चढताहेत. गाव महापालिकेत आलं 2021 मध्ये. इमारती त्याच्या कितीतरी आधी उभ्या राहिल्या. पाण्याची भिस्त बोअर आणि टँकरवर.

सुरुवातीला कुणाला दोष सापडेना, कारण पाणी दिसायला नितळ. साबणाला फेस येईना, तूरडाळ शिट्ट्यांवर शिट्ट्या होऊनही बोटचेपी होईना, गिझरची कॉइल वर्षभरात जायची. सोसायट्यांच्या कमिट्यांनी टाक्या धुतल्या, तुरटी फिरवली, क्लोरीन वाढवलं. तुरटीनं गाळ बसतो, क्लोरीननं जंतू मरतात. विरघळलेलं कॅल्शियम-मॅग्नेशियम जागचं हलत नाही. ते येतं काळ्या पाषाणातून. मातीतून मुरताना पाणी कार्बन डायऑक्साइड घेतं, किंचित आम्ल होतं आणि खडक झिजवत जातं. पाणी खडकात जितकं जास्त मुक्कामाला, तितके त्यात क्षार जास्त. वरचं पाणी आटलं की बोअर आणखी खोल घ्यायची, हा उपाय त्यामुळे दुखणं वाढवणाराच ठरला.

मग सॉफ्टनरचा काळ आला. त्यातले रेझिनचे मणी कॅल्शियम धरून ठेवतात आणि बदल्यात सोडियम सोडतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीत रॉबर्ट गान्स यांनी हेच काम कृत्रिम झिओलाइटकडून करून घेतलं होतं, हे वाघोलीकरांना सांगितलं की गंमत वाटते. गिझर टिकू लागले, फेस आला. पण एकूण विरघळलेले क्षार मोजणाऱ्या, खिशातल्या टीडीएस पेनचा आकडा खाली येईना, आणि ‘मशीन फसवं आहे’ अशी ओरड झाली. वास्तविक एका क्षाराच्या जागी दुसरा आला, म्हणजे एकूण क्षार जवळपास तेवढेच राहणार. जडपणाची वेगळी तपासणी लागते. भारतीय मानकात (आयएस 10500) त्याची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला 200 मिलिग्रॅम आहे. दुसरा स्रोतच नसेल तर 600 पर्यंत चालवून घेतात.

सॉफ्टनरचं खरं बिल वेगळंच आहे. रेझिन ताजं करायला मिठाचं पाणी लागतं, आणि धुवून निघालेला तो खारा निचरा गटारात जातो. जिथे ड्रेनेज धड नाही तिथे तो पुन्हा जमिनीतच मुरतो. आपल्याच बोअरला आपणच मीठ पाजायचं!

म्हणून मला पावसाचं पाणी जमिनीत मुरवण्याचा, म्हणजे पुनर्भरणाचा टप्पा जास्त मोलाचा वाटतो. 1000 चौरस मीटर गच्चीवर 600 मिलिमीटर पाऊस पडला, तर सहा लाख लिटर जवळजवळ क्षारविरहित पाणी मिळतं. पहिल्या सरींचं पाणी सोडून देऊन, बाकीचं गाळून जुन्या विहिरीत किंवा बोअरमध्ये सोडलं की भूजल पातळ होतं. मात्र या काळ्या पाषाणात, म्हणजे बेसॉल्टमध्ये, पाणी भेगांमधून वाट काढतं. तुम्ही मुरवलेलं शेजारच्या सोसायटीच्या बोअरला लागलं, असंही होतं. शिवाय उन्हाळ्यापर्यंत हा परिणाम बराच ओसरतो. त्यामुळे मे महिन्यात आणि दिवाळीनंतर असे दोन नमुने प्रयोगशाळेत द्यायला हवेत. तसं करणारे थोडेच. बाकीच्यांकडे पाणी सुधारल्याचा पुरावा म्हणून आहेत ती गिझर दुरुस्तीची बिलं.