अजिंठ्यास जाताना मुक्काम कोठे करावा?

अजिंठ्यास जाणारे सभासद व विद्यार्थी ‘चांगले हॉटेल कोणते?’ असे आम्हांस नेहमी विचारतात. पंचतारांकित हॉटेले छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेत आहेत. तेथून लेणी सुमारे १०० किलोमीटर. खर्च मोठा, शिवाय सकाळ गाडीतच सरते. आपल्या तानसा परिसरातून आटगाव-कल्याणमार्गे रेल्वेने जळगाव गाठावे. पुढे सुमारे ६० किलोमीटरवर लेणी; अलीकडेच फर्दापूरला साधा निवास मिळतो. तेथे राहिल्यास सकाळी ९ वाजता दार उघडताच वृद्धांना ऊन तापण्याआधी पायऱ्या चढता येतात. सोमवारी लेणी बंद असतात. आणि ऐषारामी शय्येचेच म्हणाल, तर लेणे क्रमांक १२ मधील भिक्खूंच्या कोठड्यांतले दगडी ओटे विद्यार्थ्यांनी अवश्य पाहावेत!