फेजला कवच कशासाठी?

शत्रू ओळखून मारणारा

बॅक्टेरियोफेज, म्हणजेच फेज, हे जिवाणूंना मारणारे विषाणू. फेलिक्स दरेल यांनी १९१७ मध्ये त्यांना हे नाव दिलं. फेज ठरावीक जिवाणूलाच चिकटतो, त्याच्या आत वाढतो आणि त्याला फोडून बाहेर पडतो. पोटातले उपयोगी जिवाणू सहसा वाचतात. अँटिबायोटिकना दाद न देणाऱ्या संसर्गांत हा गुण लाखमोलाचा आहे.

जठरातली परीक्षा

तोंडानं दिलेल्या फेजला आधी जठरातलं आम्ल लागतं. त्याचं आवरण प्रथिनांचं असतं आणि आम्लात ते सहसा टिकत नाही. साल्मोनेला मारणाऱ्या फेलिक्स-ओ१ या फेजवर कॅनडात झालेला प्रयोग २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. ३.७ पेक्षा कमी सामूच्या (pH), म्हणजे आम्लधर्मी, द्रावात मोकळे फेज पाच मिनिटांत नाहीसे झाले. डोस कितीही मोठा द्या, आतड्यापर्यंत काय पोचणार?

मणी कसे होतात

म्हणून फेज मण्यांच्या कवचात बंद करतात. तपकिरी समुद्रशैवालापासून मिळणारं सोडियम अल्जिनेट पाण्यात विरघळवून त्यात फेज मिसळतात. हे मिश्रण कॅल्शियम क्लोराइडच्या द्रावात थेंबाथेंबानं सोडलं, की कॅल्शियममुळे प्रत्येक थेंब भिजलेल्या साबुदाण्यासारखा घट्ट होतो. त्यावर कायटोसान या दुसऱ्या पदार्थाचा थर चढवतात. फेलिक्स-ओ१चे असे मणी २.४ सामूच्या कृत्रिम जठररसात तासभर ठेवल्यावर चारशेत साधारण एक फेज जिवंत राहिला. आकडा लहान वाटेल, पण एका मात्रेत फेज कोट्यवधी असतात आणि जिवाणू भेटला की त्यांची संख्या वाढते.

सुटकाही हवी

माझ्या मते खरी कसोटी इथे आहे. कवच फारच टणक झालं तर फेज आतच अडकून शरीराबाहेर जाईल. वरचे मणी आतड्यासारख्या ६.८ सामूच्या द्रावात सहा तासांत पूर्ण मोकळे झाले. म्हणून फेज किती जगले याच्या जोडीला ते कुठे, किती वेळात सुटले हेही विचारायलाच हवं.

रक्तातली लढाई

फेज रक्तात द्यायचे, तर अडचण जठरातल्या आम्लाची नव्हे, प्रतिपिंडांची असते. चंडीगडच्या पंजाब विद्यापीठातल्या संशोधकांनी क्लेबसिएला न्यूमोनिए या जिवाणूचे फेज लायपोसोममध्ये, म्हणजे स्निग्ध पदार्थांच्या सूक्ष्म पिशव्यांत भरले. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात मोकळे फेज प्रतिपिंडांपुढे तीन तासांत निष्प्रभ झाले, पिशवीतले मात्र सुरक्षित राहिले. शिवाय हा जिवाणू आपल्याच भक्षक पेशींत लपून बसतो. पिशव्या तिथेही शिरल्या आणि प्रयोगशाळेत आतले ९४.६ टक्के जिवाणू मेले.