मासा जेवत नाही, तेव्हा आधी पाणी पाहा

फिशटँक ही आता श्रीमंतांच्या दिवाणखान्यापुरती गोष्ट राहिलेली नाही. दोन खोल्यांच्या घरातही टीव्हीशेजारी काचेची पेटी दिसते. पूर्वी तिच्यात गोल्डफिश आणि गप्पी असत. आता मुलांना 'शिकारी' मासे हवे असतात. ऑस्कर, अरोवाना, फ्लॉवरहॉर्न ही नावे शाळकरी मुलांना पाठ असतात. आपल्या भागातली पोरे तर पावसाळ्यात शेताच्या बांधावरून मरळीची पिल्ले धरून आणतात. दुकानात दीड-दोन इंचाचे असलेले हे पिल्लू गोजिरवाणे दिसते, मालकाला ओळखते, हातातून खाते आणि मग एक दिवस अचानक खाणे बंद करते. घरात तेव्हा जी धावपळ होते, ती मी अनेक घरांत पाहिली आहे.

बेळगावात अठ्ठावीस वर्षे मी जीवशास्त्र शिकवले. मासे पाळण्याचा छंद त्याहून जुना. त्यामुळे अशा वेळी मला फोन येतात. गेल्या जानेवारीत असाच एक फोन गुजरातेतून, सुरतजवळच्या सचिनहून आला. तिथे माझी धाकटी बहीण राहते. तिचे सासर निपाणीकडचे. मेहुणे सचिनच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका डाइंग मिलमध्ये नोकरीला आहेत. घरात मराठी आणि कानडी दोन्ही चालते, आणि बाहेर पडले की गुजराती.

सचिन हे नाव ऐकून आपल्याकडे क्रिकेट आठवते. पण हे गाव जुने. जंजिऱ्याच्या सिद्दी घराण्यातल्या नवाबांचे छोटे संस्थान येथे १७९१ मध्ये स्थापन झाले. आता ओळख आहे ती कारखान्यांची. कापड रंगवण्याच्या आणि छापण्याच्या गिरण्या, रसायनांचे कारखाने आणि देशभरातून आलेले कामगार. त्यांत खानदेशातली मराठी कुटुंबे पुष्कळ.

कारखान्याचे पाणी की टाकीचे?

भाच्याने साठवलेल्या पैशांतून ऑस्करची चार पिल्ले आणली होती. तीन आठवड्यांत दोन मेली. उरलेली दोन कोपऱ्यात पडून होती, खात नव्हती. भाचा रडवेला झाला होता. पण बहिणीने फोन केला तो माशांसाठी नव्हे. तिच्या सासूबाई रोज सकाळी टाकीपाशी उभ्या राहून माशांना "ऊटा आतेन?" असे विचारत. त्यांनीच प्रश्न काढला होता, "ह्या नीरूत मासे जगत नाहीत, मग तेच पाणी आपण पितो त्याचं काय?"

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. ६ जानेवारी २०२२ रोजी सचिनच्या औद्योगिक वसाहतीत टँकरमधून नाल्यात सोडलेल्या रसायनातून विषारी वायू निघाला आणि सहा कामगारांचा जीव गेला. तेव्हापासून बहिणीच्या घरी पाण्याला जरा वेगळा वास आला तरी सगळे एकमेकांकडे बघतात. मासे मेल्यावर मेहुणे वीस लिटरचे जार विकत आणू लागले होते. घरखर्चात तो मोठा बोजा होता.

उत्तरायणाच्या निमित्ताने मला तिकडे जायचेच होते. जाताना अमोनिया, नायट्राइट आणि पीएच तपासायच्या किटा बरोबर नेल्या. या काही शे रुपयांत मिळतात. परीक्षानळीत पाणी घ्यायचे, थेंब टाकायचे आणि रंग तक्त्याशी जुळवायचा. सातवीतल्या मुलालाही जमते.

भाच्याकडूनच दोन नळ्या भरून घेतल्या. एक घरातल्या नळाची, दुसरी टाकीची. नळाच्या पाण्यात अमोनिया शून्य. टाकीच्या पाण्याने मात्र गडद हिरवा रंग धरला, लिटरला दोन मिलिग्रॅमच्या आसपास. म्हणजे विष बाहेरून आले नव्हते, ते टाकीतच तयार झाले होते.

तरीही बहिणीला मी स्पष्ट सांगितले की मत्स्यपालनाची किट पिण्याच्या पाण्याची ग्वाही देत नाही. रंगाची रसायने, जड धातू तिला दिसत नाहीत. मनात शंका असेल तर पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत द्यावा. तो त्यांनी दिला. अहवाल चांगला आला आणि जार बंद झाले. मासे मेले म्हणून पाणी वाईट किंवा मासे जगले म्हणून पाणी चांगले, असा निष्कर्ष काढायचा नसतो.

अमोनिया कोठून येतो?

मासा कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतो. उरलेले अन्न आणि विष्ठा कुजूनही तो तयार होतो. शिकारी माशांचा आहार प्रथिनांचा असल्याने त्यांची टाकी लवकर बिघडते. नदीत हा अमोनिया वाहून जातो. टाकीत तो पचवायला उपयुक्त जिवाणू लागतात. ते अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करतात. पहिली दोन विषारी, तिसरे बऱ्यापैकी निरुपद्रवी. हे जिवाणू फिल्टरच्या स्पंजात वस्ती करतात आणि ही वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. दह्याला विरजण लागते, तसे हे टाकीचे विरजण.

भाच्याची टाकी दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच, म्हणजे जेमतेम ५५ लिटरची. तीत चार ऑस्कर. टाकी नवी. आणि दुकानदाराने सांगितले होते म्हणून दर रविवारी फिल्टरचा स्पंज नळाखाली खळखळून धुतला जाई. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने विरजण दर आठवड्याला मरत होते. शिवाय दिवसातून चार वेळा कोंबडीच्या काळजाचे तुकडे. एवढे झाल्यावर वेगळे विष लागत नाही.

त्यात जानेवारीतली थंडी. पहाटे टाकीतले पाणी २० अंशांपर्यंत उतरले होते. ऑस्कर हा ॲमेझॉनच्या खोऱ्यातला मासा. त्याला २४ ते २८ अंश लागतात. पाणी गार झाले की पचन मंदावते आणि मासा तोंड फिरवतो. बेळगाव, खानापूरकडच्या वाचकांनी हे विशेष लक्षात ठेवावे, आपली थंडी सुरतेपेक्षा कडक. लिटरला साधारण एक वॅट या हिशेबाने हीटर आणि आत एक थर्मामीटर, एवढी सोय हवीच.

निदान कसे करावे?

सासूबाईंना मी कानडीत एक सूत्र सांगितले, ते त्यांना फार आवडले: "मोदलु नीरु नोडु, आमेले ऊटा." आधी पाणी बघ, मग जेवण. मासा खात नाही म्हणून लोक खाणे बदलत राहतात, औषधांच्या बाटल्या ओततात. पाणी मात्र कोणी तपासत नाही. माझा क्रम असा आहे.

पहिले पाणी. अमोनिया आणि नायट्राइट शून्य हवे, तापमान योग्य हवे. मासे पृष्ठभागावर येऊन धापा टाकत असतील, कल्ले लालबुंद किंवा तपकिरी दिसत असतील, तर दुसरे काही शोधण्याआधी २५ ते ३० टक्के पाणी बदला. नवे पाणी क्लोरीन घालवलेले आणि टाकीच्याच तापमानाचे असावे. मरळ मात्र याला अपवाद. ती हवेतूनही श्वास घेते, त्यामुळे तिचे अधूनमधून वर येणे हा आजार नव्हे. उलट, झाकण आणि पाणी यांत मोकळी हवा ठेवली नाही तर ती गुदमरते.

दुसरे अंग. रव्याचे कण शिंपडल्यासारखे पांढरे ठिपके म्हणजे 'इक' हा परजीवी. मासा दगडाला अंग घासतो. अंगावरच्या ठिपक्यावर औषध चालत नाही; तो गळून पाण्यात पोहू लागतो तेव्हाच मरतो. म्हणून तापमान हळूहळू ३० अंशांपर्यंत न्यावे, हवेचा पंप वाढवावा, आणि लिटरला एक ते दोन ग्रॅम जाडे मीठ विरघळवून दोन दिवसांत टप्प्याटप्प्याने घालावे. ठिपके दिसेनासे झाले तरी उपचार दहा ते चौदा दिवस चालू ठेवावा. कापसासारखे पुंजके असतील तर बुरशी. ऑस्करच्या डोक्यावर खळगे पडत असतील तर खराब पाणी, निकस आहार आणि आतड्यातले परजीवी अशी तिहेरी शंका घ्यावी.

तिसरे पोट आणि विष्ठा. "होट्टे नोडु", पोट बघ. पोट फुगलेले, विष्ठा नाही, बाकी मासा ठीक, तर बहुधा बद्धकोष्ठ. दोन-तीन दिवस उपास, मग साल काढलेला उकडलेला मटारदाणा. पोट खपाटीला गेलेले, पाठ धारदार, विष्ठा पांढरी आणि दोऱ्यासारखी लांब, तर आतड्यातले परजीवी. याला मेट्रोनिडाझोल वापरतात. पण मात्रा पशुवैद्यकांना विचारूनच. पोट फुगून खवले उभे राहिले तर आजार गंभीर समजावा.

चौथे मन. होय, माशालाही ताण येतो. ऑस्कर तर रुसतो. टाकीची जागा बदलली, दगड हलवला तरी आडवा पडून राहतो, रंग फिका करतो. पाणी चांगले, अंग स्वच्छ, पोट ठीक असेल तर दिवा मंद करून दोन दिवस त्याला त्याच्यावर सोडावे. तीन-चार इंचांचे निरोगी पिल्लू काही दिवस उपाशी राहिल्याने मरत नाही. न खाल्लेले अन्न मात्र पाण्यात कुजून त्याला मारते. इंचभर पिल्लांना इतका उपास सोसत नाही, त्यांच्याकडे लवकर लक्ष द्यावे.

काय खाऊ घालावे?

शिकारी माशाला जिवंत मासेच हवेत, हा समज दुकानांतून पसरतो. गोल्डफिशच्या शरीरात थायमिनेज नावाचे द्रव्य असते. ते ब-१ जीवनसत्त्व नष्ट करते. रोज गोल्डफिश खाणारा मासा त्यामुळे अशक्त होत जातो. शिवाय दुकानातल्या स्वस्त, गर्दीत ठेवलेल्या माशांबरोबर परजीवी फुकट येतात. गटारातल्या ट्युबिफेक्स अळ्यांचेही तेच. कोंबडीचे, बकऱ्याचे मांस माशाला नीट पचत नाही, चरबी साठते.

चांगल्या प्रतीच्या गोळ्या हा मुख्य आहार असावा. जोडीला झिंग्याचे तुकडे, खते न घातलेल्या मातीतले गांडूळ, गोठवलेल्या अळ्या. पिल्लांना दिवसातून दोन-तीनदा, दोन मिनिटांत संपेल एवढेच. घास डोळ्याएवढा, त्याहून मोठा नको. जिवंत खाण्याची सवय लागलेल्या पिल्लाला एक दिवस उपाशी ठेवावे आणि दुसऱ्या दिवशी आधी भिजवलेली गोळी द्यावी. थुंकली तर उचलून टाकावी. आठवड्याभरात बहुतेक पिल्ले वळतात. मरळीची पिल्ले एकमेकांना गिळतात, म्हणून ती आकाराप्रमाणे वेगळी ठेवावीत.

ज्या घरांत मांसमच्छी चालत नाही, तिथे यावरून आई आणि मुलांत वाद होतात. माझ्या बहिणीकडेही काळजाचे तुकडे सुरीने कापण्यावरून सासूबाई नाराज होत्या. गोळ्या आल्यावर स्वयंपाकघरातला तो तंटा मिटला.

भाच्याच्या दोन माशांपैकी एक पाणी बदलल्यावर चौथ्या दिवशी खाऊ लागला. दुसऱ्याचे पोट आत गेले होते, विष्ठा पांढरी होती. औषध सुरू केले. पण तो वाचला नाही. "मामा, आधी कळलं असतं तर वाचला असता ना?" असे भाच्याने विचारले. वाचला असता, असे मी खरे ते सांगितले. त्यानंतर तो दर रविवारी किट काढून वहीत आकडे लिहितो, आणि स्पंज टाकीतूनच काढलेल्या बादलीभर पाण्यात पिळतो.

आणण्यापूर्वी विचार करा

ऑस्कर फूटभर वाढतो आणि दहा वर्षांहून अधिक जगू शकतो. एक-दोन माशांना चार फूट लांब आणि दीड-दीड फूट रुंद-उंच, म्हणजे अडीचशे लिटरची टाकी लागते. ती भरल्यावर वजन पाव टनाच्या वर जाते. अरोवाना तर याहून मोठा होतो आणि उडी मारतो. 'भाग्याचा मासा' म्हणून विकला जाणारा आशियाई अरोवाना आंतरराष्ट्रीय संरक्षित यादीत आहे. वन्यजीव कायद्यातली २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आहे. त्यानुसार अशा प्राण्यांची नोंदणी करावी लागते.

मासा मोठा झाला, परवडेना, म्हणून काही जण तो तळ्यात किंवा नदीत सोडून येतात आणि पुण्य केले असे समजतात. २०२३ मध्ये श्रीनगरच्या दल सरोवरात आणि भोपाळच्या तलावात ॲलिगेटर गार हा अमेरिकेतला शिकारी मासा सापडला, तो असाच कोणाच्या तरी टाकीतून आला असावा. मार्कंडेय, घटप्रभा, मलप्रभा या आपल्या नद्यांत मरळ, शिंगाळा, खवल्या आहेत. त्यांच्यात परका शिकारी सोडू नका. मासा सांभाळणे जमत नसेल तर दुकानदाराला परत द्या, मोठी टाकी असलेल्या छांदिष्टाला द्या. आणि मूल हट्ट करत असेल तर मासा आणण्याआधी टाकी आणा. सहा आठवडे तिचे पाणी तपासायला लावा. तेवढा धीर मुलाने धरला, तर पिल्लू खुशाल आणून द्या.